पॉवर स्टेशनला बाहेरून जादा बॅटरी जोडायची आहे, कुणी केलंय का?

माडाखाली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गावी (गुहागर तालुका) आई-आबा दोघंच असतात, मी पुण्यात. आबा ७४ वर्षांचे. झोपेत श्वास अडकतो म्हणून दोन वर्षांपासून रात्रभर सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावून झोपतात. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. मशीन बंद पडलं की आबा दचकून उठतात आणि उरलेली रात्र दोघंही जागी.

म्हणून गेल्या वर्षी एक छोटं पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच खोक्यात) घेतलं. ५१२ वॉट-अवरचं, आतली बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची. रात्री दहाला लावलं तर सकाळी सहाला १८ टक्के उरतं. म्हणजे एक रात्र निघते, दुसरी नाही. आणि गेल्या जुलैत सलग तीन रात्री लाईट नव्हती.

जादा बॅटरी जोडायचं खास पोर्ट या मॉडेलला नाही. सोलरचं इनपुट आहे: ११ ते ५० व्होल्ट, जास्तीत जास्त १३ अँपिअर, २२० वॉट. पिन एक्सटी६०. याला बाहेरून मोठी बॅटरी जोडून तीन रात्री काढता येतील का? अट एकच. मी तिथे नसणार, अंधारात टॉर्च धरून जे करायचं ते आई करणार. तिला जमेल असंच हवं.

गच्ची

वाचनखूण साठवली. सासूबाईंसाठी मला हेच शोधायचं होतं.

उंबरठा

एवढा खटाटोप कशाला? साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवरची) ट्यूब्युलर बॅटरी बसवा. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर. तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते, बिघडली तर दुरुस्त करणाराही तिथेच. कोकणात निम्म्या घरांत हेच आहे.

वीजतंत्री

धागाकर्ते, जमेल, आणि सोलर इनपुट हाच त्याचा सरळ रस्ता आहे. थोडं सविस्तर लिहितो.

पॉवर स्टेशनच्या दृष्टीने सोलर इनपुट म्हणजे एक दार. त्या दारातून ११ ते ५० व्होल्टमधलं काहीही आलं की आतला एमपीपीटी कंट्रोलर (सोलरची वीज बॅटरीत भरणारं सर्किट) ते ओढून घेतो. पलीकडे पॅनल आहे की बॅटरी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बाहेरची १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम फेरो बॅटरी म्हणजे १२८० वॉट-अवर. तुमच्या मशीनच्या अडीचपट साठा, आणि वजन जेमतेम १२-१३ किलो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. पॅनल जेवढं ऊन तेवढाच करंट देतं, त्याहून जास्त देऊच शकत नाही. बॅटरीला अशी मर्यादा नसते, मागाल तेवढं देते. त्यामुळे मर्यादा पाळायचं काम मशीनचं. चांगली मशीन ती १३ अँपिअरवर धरून ठेवतात. काही मशीन १२ व्होल्टच्या आसपास काही दिसलं की गाडीचं चार्जिंग समजून ८ अँपिअरवरच थांबतात. म्हणजे साधारण १०० वॉट. आबांच्या मशीनला तेवढे पुरून उरतात.

आणि तारेत फ्यूज हवाच. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर. फ्यूज मशीनसाठी नसतो, तारेसाठी असतो. मधेच तार उंदराने कुरतडली किंवा कपाटाखाली चेपली, तर बॅटरी सगळा करंट त्या एका जागी ओतते.

उंबरठा, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण ट्यूब्युलर रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर म्हातारी होते. म्हणून १८०० मधले ९०० धरा.

माडाखाली

उंबरठा, इन्व्हर्टर आहे घरी. बॅटरी पाच वर्षांची झाली, हल्ली दोन तास पंखा आणि दोन दिवे चालले तरी खूप. डिस्टिल्ड वॉटर घालायचं आईच्या लक्षात राहतं, पण झाकणं उघडायला तिला वाकवत नाही. शिवाय आबा महिन्या-दोन महिन्यांनी चिपळूणला ताईकडे जातात, तेव्हा पॉवर स्टेशन सोबत नेतात. ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची, ती काय उचलणार?

पायवाट

वीजतंत्रींनी जे लिहिलंय त्याच्या बाहेर कृपा करून जाऊ नका. मी गेलो होतो, म्हणून कळकळीने लिहितोय.

माझंही असंच छोटं मशीन होतं. वाटलं, सोलर इनपुटमधून १०० वॉटच जातात, त्यापेक्षा आतल्या बॅटरीलाच बाहेरची समांतर जोडू, म्हणजे साठा एक होईल. व्हिडिओ पाहिले, मागचे आठ स्क्रू काढले. आतल्या पॅकच्या जाड लाल-काळ्या तारा समोरच दिसल्या. माझ्याकडे ई-सायकलचा जुना पॅक होता, त्याचा व्होल्टेज 'जवळपास सारखा' होता. मोजला तेव्हा दोन व्होल्टचा फरक होता. म्हटलं, दोन व्होल्टने काय होतंय.

लाल तार टेकवली आणि चट्‌ असा आवाज झाला. तारेचं टोक तिथेच चिकटून बसलं. ओढून निघेना. बघता बघता तारेवरचं प्लास्टिक फुगलं, मग थेंब पडल्यासारखं फरशीवर गळलं. पक्कडीने तार तोडली तेव्हा सुटका झाली. शहाबादी फरशीवर तो काळा डाग आजही आहे, आणि जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस खोलीतून गेला नाही. मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती.

नंतर गणित समजलं. दोन्ही पॅक आणि तार मिळून रोध समजा ०.०५ ओहम. दोन व्होल्ट भागिले ०.०५ म्हणजे ४० अँपिअर. माझी तार घरगुती वायरिंगची, १.५ चौरस मिमीची. मशीनचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) गेला, मशीन भंगारात गेलं. दोन्ही पॅकची केमिस्ट्रीही वेगळी होती, म्हणजे त्या दिवशी निभावलं असतं तरी पुढे कधीतरी एकाने दुसऱ्याला जास्त चार्ज केलंच असतं.

खोका उघडू नका. एवढंच.

गच्ची

बापरे. पायवाट, तुम्ही आणि मुलगी सुखरूप राहिलात हे महत्त्वाचं. हे लिहिलंत ते फार बरं झालं, कारण माझा दीर नेमका हेच करायचं म्हणत होता. त्याला हा प्रतिसाद वाचायला दिलाय.

दर्यावर्दी

आमच्याकडे मालवणात पाऊस भरान इलो काय लाईट गेलीच म्हणान समजा. पडाची पण गरज नाय!

धागा कामाचा आहे, वाचतोय.

लांबचा_पाहुणा

ऑस्टिन, टेक्सासहून. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या बर्फाच्या वादळात आमच्याकडे दिवसेंदिवस वीज नव्हती. घरात श्वासाची वाफ दिसत होती. त्यानंतर ठरवलं की पुन्हा असं बसायचं नाही. आता इकोफ्लोचं डेल्टा २ आहे, १०२४ वॉट-अवरचं, आणि त्याच कंपनीची तेवढीच जादा बॅटरी. जाड केबल खटकन बसते, स्क्रीनवर दोन्हींची टक्केवारी दिसते, कुठली आधी वापरायची ते मशीन स्वतःच ठरवतं. त्या केबलमधून वीज जाते तशी दोन्ही बीएमएसमधली बोलणीही जातात. एक बॅटरी ८० टक्के आणि दुसरी ३० टक्के असली तरी पायवाट यांच्यासारखा प्रकार होत नाही, तो या बोलण्यामुळेच.

धागाकर्त्याला मी म्हणेन, जमत असेल तर जुनं विका आणि असं जादा पोर्ट असलेलं घ्या. मी डिसेंबरमध्ये येतोय, कुणाला हवं असेल तर...

वीजतंत्री

थांबा थांबा, लांबचा_पाहुणा! तुमची भावना पोचली, पण दोन अडचणी आहेत. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १०० ते १६० पर्यंत एअरलाईनच्या परवानगीने, त्यापुढे प्रवाशाच्या सामानात नाहीच. ना केबिनमध्ये, ना चेक-इनमध्ये. १०२४ विमानतळावरच राहील. दुसरं म्हणजे अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट ६० हर्ट्‌झ देतं. आपला पंखा नि फ्रीज २३० व्होल्ट ५० हर्ट्‌झवर चालतात. आणि तेच मशीन इथल्या प्लगमध्ये चार्जिंगला लावलं तर २३० व्होल्टने त्याचा चार्जर जाऊ शकतो. नातेवाइकांनी प्रेमाने आणलेली अशी दोन मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आली आहेत.

लांबचा_पाहुणा

हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद, वाचवलंत. मग चॉकलेटंच आणतो.

हापूसवाली

अवांतर आहे, पण लिहिते. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या डीप फ्रीजरमध्ये हंगामाचा आटवलेला आमरस होता. खांब झोपले, तारा आमराईत गुंतल्या, लाईट यायला आठवडे लागले. तिसऱ्या दिवशी फ्रीजरचं झाकण उघडलं तर डबे फुगलेले. सगळा रस खड्ड्यात ओतला. कलमं मोडली त्याचं दुःख वेगळंच, पण हाताने ढवळून, आटवून केलेला रस मातीत ओतताना जे वाटलं ते सांगता येत नाही. तेव्हा गाडीच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करत होतो, तोही गाडी चालू ठेवून.

धागाकर्ते, फ्रीजसाठीही काही विचार केला आहे का?

माडाखाली

हापूसवाली ताई, वाचून पोटात कालवलं. आमचीही १४ कलमं त्या दिवशी गेली.

फ्रीज या मशीनवर नको असं ठरवलंय. आधी आबांचा श्वास. कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो त्याने ५०० वॉटचं आउटपुट एकदा ट्रिप झालं होतं, तेही रात्री, सीपॅप चालू असताना. तेव्हापासून आईने फ्रीजची पिन त्याच्या जवळही न्यायची नाही असं ठरवून टाकलंय.

दर्यावर्दी

आणि पंपाचं काय? लाईट नसली की खरी पंचाईत पाण्याची होते. आमची विहीर ४० फूट, एक एचपीचा पंप.

उंबरठा

एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. या छोट्या मशीनवर तो होणे नाही. आम्ही पाऊस भरून आला की आधी टाकी भरून घेतो. रहाट मोडीत काढला नाही हे आमच्या वडिलांचे उपकार. वादळानंतर अख्खी वाडी आमच्या विहिरीवर पाणी शेंदत होती.

दर्यावर्दी

रहाट! आमचो काढून टाकलो. परत बसवूक होयो.

निजानीज

मी स्वतः सहा वर्षं सीपॅप वापरते, ठाण्यात. धागाकर्ते, जादा बॅटरी घेण्याआधी एक गोष्ट तपासा. मला वाटतं तुमची निम्मी वीज आबांपर्यंत पोचतच नाहीये.

मशीनला पाण्याचं छोटं भांडं आहे का, हवा दमट करणारं? ते पाणी गरम करतं आणि तेच सगळ्यात जास्त खातं. तापणारी नळी असेल तर तीही. कोकणातल्या पावसाळी हवेत मुळातच इतका ओलावा असतो की मी गावी गेले की ते बंद ठेवते. अर्थात आबांच्या डॉक्टरांना विचारूनच बंद करा. काहींचा घसा, नाक कोरडं पडतं.

दुसरं, तुम्ही अॅडाप्टर एसी सॉकेटमध्येच लावत असाल. म्हणजे बॅटरीच्या डीसीचे २३० व्होल्ट एसी करायचे आणि अॅडाप्टरने त्याचा पुन्हा डीसी करायचा. यात तर वीज जातेच, पण इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीही दहा-पंधरा वॉट खातो. आठ तासांचे झाले की शंभरेक वॉट-अवर! अॅडाप्टरच्या मागे पाहा, २४ व्होल्ट लिहिलंय की १२. त्याप्रमाणे गाडीच्या सॉकेटमध्ये लागणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो, शक्यतो मशीनच्याच कंपनीचा घ्या.

गच्ची

निजानीज, हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे.

माडाखाली

निजानीज ताई, आत्ता आईला फोन करून अॅडाप्टर उलटा करून वाचायला लावला. २४ व्होल्ट. पाण्याचं भांडं आहे आणि ते रोज रात्री चालू असतं. डॉक्टरांना उद्या विचारतो.

सरळमार्गी

माझं मत वेगळं आहे. १२.८ व्होल्टची बॅटरी घेऊच नका, २५.६ व्होल्टची घ्या. ८ अँपिअरवर १२.८ म्हणजे १०० वॉट, तेच २५.६ वर २०० वॉट. तार बारीक चालते, वाया कमी जातं.

वीजतंत्री

सरळमार्गी, तांत्रिकदृष्ट्या पूर्ण सहमत. फ्रीज चालवायचा असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण इथे भार ३०-४० वॉटचा. आणि १२ व्होल्टच्या बॅटरीला अडीअडचणीला गावात कुठेही उपयोग आहे: १२ व्होल्टचा दिवा, डीसी पंखा, मोबाईलचा चार्जर. गुहागरच्या बाजारपेठेत २४ व्होल्टचं काय मिळणार?

तारेबद्दल मात्र तुमचा मुद्दा महत्त्वाचा, तो आकड्यांत मांडतो. तीन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. १.५ चौरस मिमीची तार घेतली तर १० अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास तारेतच जातो. बॅटरी अर्ध्यावर असताना जे १३ व्होल्ट दिसतात ते मशीनपाशी सव्वाबाराच उरतात, आणि बॅटरी उतरत गेली की मशीन 'इनपुट कमी' म्हणून घेणंच थांबवतं. लोक मग बॅटरीला शिव्या देतात! ४ चौरस मिमीची तार घेतली तर तोच तोटा पाव व्होल्टवर येतो. त्याहून सोपं म्हणजे बॅटरी मशीनशेजारीच ठेवा, दीड मीटरमध्ये काम भागवा.

घरातला एमसीबी फ्यूज म्हणून वापरू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, ताणत राहते. डीसीसाठीचाच फ्यूज घ्या, १५ अँपिअरचा.

सरळमार्गी

एसी एमसीबीचा मुद्दा मला माहीत नव्हता. माझ्या सोलरच्या लायनीवर तोच बसवलाय. उद्याच बदलतो.

पायवाट

आणि ध्रुव उलटे होऊ देऊ नका. एक्सटी६० ची एक बाजू निमुळती-एक सरळ असते, ती उलटी बसतच नाही. आईंच्या हातात देताना हेच हवं. पण पिनेला तार डकवताना लाल-काळा आपणच चुकवू शकतो, म्हणून पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा. मी आता मोजल्याशिवाय काहीच जोडत नाही.

नवखा_पांथस्थ

एक प्रश्न. ती बाहेरची बॅटरी चार्ज कशाने करायची? इन्व्हर्टरच्या जुन्या चार्जरने चालेल?

वीजतंत्री

नको. लिथियम फेरोला १४.६ व्होल्टवर थांबणारा तिच्यासाठीचाच चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीचे काही चार्जर मधूनमधून व्होल्टेज पंधराच्या वर नेतात, तेव्हा तिचा बीएमएस चार्जिंगच तोडून टाकतो. पॅनलने करायची तर मधे लिथियमची सेटिंग असलेला चार्ज कंट्रोलर हवा. पण ऐन पावसाळ्यात पॅनलवर भिस्त ठेवू नका, भरून आलेल्या दिवशी त्यावर लिहिलेल्या वॉटचा पाव हिस्साही धड मिळत नाही. लाईट असेल तेव्हा भरून ठेवणं उत्तम.

आणखी एक, हे बऱ्याचदा राहून जातं: पॉवर स्टेशन बाहेरच्या बॅटरीला शेवटच्या थेंबापर्यंत पितं. मग तिचा बीएमएस स्वतःला बंद करतो, आणि काही चार्जर अशा झोपलेल्या बॅटरीला ओळखतच नाहीत. मधे १२ व्होल्टला तोडणारं छोटं मॉड्यूल टाकलं की ही वेळ येत नाही.

उंबरठा

मी एवढा वेळ इन्व्हर्टरच्या बाजूने बोलत होतो, पण एक गोष्ट समजत नाही. आबांचं मशीन डीसीवर चालतं, बाहेरची बॅटरी डीसी. मग मधे पॉवर स्टेशन हवंच कशाला? कन्व्हर्टर थेट त्या १०० एएचवर लावा.

निजानीज

उंबरठा काका, मी अगदी तेच करते! फ्यूज, सिगरेट सॉकेट, कन्व्हर्टर, संपलं. ट्रेकच्या बसमध्येही वापरलंय.

वीजतंत्री

प्रश्न रास्त आहे, आणि एकट्या माणसासाठी तोच सर्वांत स्वस्त मार्ग. पण थेट लावलं की ती बॅटरी संपली त्या क्षणी मशीन बंद. पॉवर स्टेशन मधे असलं की त्याला बाहेरून १०० वॉट येतात, त्यातले ३० आबांना जातात, आतली बॅटरी भरलेलीच राहते. बाहेरची संपली तरी आतली गुपचूप पुढे चालवते, कुणाला उठावं लागत नाही. थोडी वीज वाया जाते, पण त्याबदल्यात आईंची झोप मिळते.

माडाखाली

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, जोडणी झाली! शनिवार-रविवार गावी जाऊन आलो.

डॉक्टरांनी पावसाळ्यापुरतं पाण्याचं भांडं बंद ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, घसा कोरडा पडला तर पुन्हा सुरू करायचं. शुक्रवारी रात्री नुसतं डीसी कन्व्हर्टरवर, भांडं बंद ठेवून चालवलं. बाहेरची बॅटरी जोडलीच नव्हती. सकाळी ५३ टक्के! आधी १८ उरायचे. म्हणजे रात्रीचा खर्च ४२० वॉट-अवरवरून २४० वर आला. नवीन काही जोडण्याआधीच दुसरी रात्र जवळजवळ निघाली. निजानीज ताई, तुमचे आभार कसे मानू?

मग शनिवारी १२.८ व्होल्ट १०० एएच जोडली. १५ अँपिअरचा फ्यूज, ४ चौरस मिमीची दीड मीटर तार, तोडणारं मॉड्यूल, एक्सटी६०. बॅटरी आबांच्या पलंगाशेजारच्या लाकडी स्टुलावर ठेवली, जमिनीवर नाही. आमच्याकडे जुलैत भिंतीतून पाणी झिरपतं. पलंग आणि बॅटरीच्या मधे हवा खेळायला हातभर जागा ठेवली. तोटा धरूनही हिशेबाने पाच-सहा रात्री निघाव्यात.

आईला शिकवताना मी कागदावर आकृती काढत होतो. तिने कागद बाजूला सारला. म्हणाली, 'पिवळी पिन पिवळ्यात, आणि पडद्यावर सूर्याचं चित्र आलं की झालं, ना?' झालं. आबांचा चष्मा ठेवते त्या डब्यात तिने एक जादा फ्यूजही ठेवलाय, बाहेर चिठ्ठी: 'वीज अडली तर हा'. मी म्हटलं, फ्यूज उडालाच तर बदलू नकोस, आधी मला फोन कर; कारण असल्याशिवाय तो उडत नाही. तर चिठ्ठीखाली तिने माझा नंबर लिहून टाकला.

पायवाट

'कारण असल्याशिवाय तो उडत नाही' हे लाख बोललात. खूप बरं वाटलं वाचून.

हापूसवाली

आईंना नमस्कार सांगा. त्या चिठ्ठीचा फोटो टाका ना, नंबर झाकून.

माडाखाली

टाकतो ताई, पुढच्या वेळी गेलो की.

आणि हो, काल रात्री खरी परीक्षा झाली. दीडच्या सुमारास लाईट गेली, सकाळी नऊला आली. आईचा फोन साडेनऊला. मला वाटलं काही बिघडलं. तर म्हणते, 'अरे, लाईट गेलेली हेच आम्हाला सकाळी दूधवाल्याने सांगितलं.'

गच्ची

आई गं! 🙏

माडाखाली, फ्यूजचा होल्डर कुठून घेतलात? इथे दोन दुकानं फिरले, दोघांनी एमसीबीच पुढे केला.

माडाखाली

इलेक्ट्रिकच्या दुकानात नाही मिळत लवकर. गाड्यांना स्पीकर, अॅम्प्लिफायर बसवून देणाऱ्याकडे जा. वॉटरप्रूफ झाकणाचा, जाड तारेचा होल्डर मागा. फ्यूज दोन घ्या.